बाटला कोण? राममोहन की पाद्री?

भाचीचं शाळेत महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांवर भाषण आहे. पाठांतर झालं, आणि काल ताईचा फोन आला: "विषय बदलू या का रे? काकांनी ग्रुपवर काहीतरी टाकलंय." टाकलंय ते असं: युनिटेरियन म्हणजे इंग्रजांनी हिंदूंना बाटवायला काढलेला पंथ, राममोहन रॉय त्याच्या गळाला लागले, प्रार्थना समाज त्याचीच शाखा, आणि शिंदे ऑक्सफर्डला जाऊन ख्रिस्ती होऊन आले. खाली 'जागे व्हा'. काका, तुमच्या कृपेने मी रात्री एकपर्यंत जागाच होतो.

पंथ इंग्रजांनी काढला? देव एकच आहे, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य खरं नव्हे, एवढंच म्हणणाऱ्यांचा हा पंथ. ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, फेरेन्त्स डाव्हिदने तो उभा केला. 1568 साली तोर्दा इथे धर्मोपदेशाला मोकळीकही मिळाली, पण राजा बदलला आणि 1579 मध्ये डाव्हिद तुरुंगात मेला. (गावाचं नाव देवा. खरंच.) त्याआधी 1553 मध्ये त्रैक्याविरुद्ध लिहिणाऱ्या सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाला जिनिव्हात जिवंत जाळलं होतं. आणि खुद्द इंग्लंडात? 1813 पर्यंत त्रैक्य नाकारणं हा तिथे कायद्याने गुन्हा होता. ज्या मतासाठी घरच्या माणसांना शिक्षा ठेवली, ते मत इंग्रज सरकार हिंदुस्थानात पेरायला निघालं होतं म्हणे!

राममोहनांची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरी बंगालमध्ये आला होता लोकांना ख्रिस्ती करायला. राममोहनांबरोबर शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूचरित्राच्या) बंगाली भाषांतरावर बसला. योहानाच्या शुभवर्तमानात सगळं येशू'ने' निर्माण झालं की येशू'द्वारे', या एका शब्दावर वाद पेटला. ('ने' म्हटलं तर येशूच कर्ता, म्हणजे देव; 'द्वारे' म्हटलं तर तो नुसता माध्यम.) महिनोन्‌महिने राममोहनांशी घासाघीस झाली आणि 1821 मध्ये ॲडमच त्रैक्य सोडून युनिटेरियन झाला! कलकत्त्यातले गोरे त्याला 'दुसरा पतित ॲडम' म्हणून हिणवू लागले (पहिला बायबलमधला, देवाची आज्ञा मोडणारा). गळ टाकणाराच पाण्यात पडला, हे काही फॉरवर्डमध्ये नाही.

प्रार्थना समाज 1867 साली मुंबईत निघाला, बंगालच्या ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या प्रेरणेने. तिथे तुकोबांचे अभंग म्हणतात. एवढं पुरे.

आता शिंदे. ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, हे खरं. युनिटेरियन स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत, इकडचे ब्राह्मो-प्रार्थना समाज आपल्या जवळ येतील अशी त्यांना आशाही होती, तेही मान्य. पण त्या कॉलेजात अमुक मत मानतो अशी शपथ कुणालाच घ्यावी लागत नसे. शिंदे काय शिकले, कुणाला भेटले, हे त्यांनी 'माझ्या आठवणी व अनुभव'मध्ये उघड लिहून ठेवलंय, लपवाछपवी नाहीच. 1903 मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचेच प्रचारक झाले. 18 ऑक्टोबर 1906 ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढून अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. 'मिशन' शब्द दिसला की पाद्रीच आठवत असेल, तर रामकृष्ण मिशनचं काय करायचं ते काकांनी सांगावं.

ताई, विषय बदलायचा नाही. फक्त भाषण चार मिनिटांचं आहे आणि भाचीला आता त्यात ॲडमही घालायचाय. काय गाळायचं, ते तुम्ही दोघी बघा.