एक्स-मेनमध्ये कोणी बदलतच नाही? आधी अंक वाचा, मग फॉरवर्ड करा

माझ्या भाचीने एक्स-मेन या सुपरहिरो कॉमिकचा जाडजूड खंड अर्ध्यावर सोडून दिला. मीच दिला होता, आवडीने वाचत होती, रोज रात्री "मावशी, हा कोण? ही अशी का वागली?" असे मेसेज यायचे आणि एकदम बंद. विचारलं तर म्हणाली, "पुढे काही होतच नाही ना त्यात, सगळे शेवटपर्यंत तसेच राहतात." कुठून कळलं? तर आमच्याच फॅमिली ग्रुपवर आलेला एक लांबलचक फॉरवर्ड. नंतर तोच मला ऑफिसच्या ग्रुपवरही दिसला, खाली लोकांचे अंगठे आणि "एकदम बरोबर". लिहिणाऱ्याने एकही अंक उघडलेला नाही हे दुसऱ्या वाक्यात कळतं, पण एका पोरीचं वाचन त्याने थांबवलं, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी तो फॉरवर्ड बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हणणं असं, की जुन्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये पात्रांची वाढ हा प्रकारच नसतो आणि एक्स-मेन हे त्याचं ठळक उदाहरण. स्टॉर्म ही शोभेची देवी, १९८३ मध्ये तिचे केस कापले आणि त्यालाच लोक वाढ म्हणतात, मग तिची शक्ती काढून तिला रडत बसवलं. मॅग्नेटोला भूतकाळ दिला तो २००० सालच्या सिनेमाने, त्याआधी तो नुसता ओरडणारा व्हिलन. किटी प्राइड ही टीममधली पोरगी कायम तेरा वर्षांची. मेलेलं कोणी मेलेलं राहत नाही. आणि सगळी मारामारीच, त्यामुळे मुलांच्या हातात देऊ नका.

आधी जे थोडंफार खरं आहे ते मान्य करून टाकते. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीने सुरू केलेलं पहिलं एक्स-मेन बऱ्यापैकी एकसुरी होतं. जन्मतःच वेगळ्या शक्ती असलेली पाच पोरं, त्यांना शिकवणारा प्रोफेसर झेवियर, दर महिन्याला नवा शत्रू. विक्री इतकी पडली की १९७० पासून जवळपास पाच वर्षं मार्व्हल त्या नावाखाली जुन्याच गोष्टी परत छापत होतं. एवढंच कोणी वाचलं असेल तर "काही बदलत नाही" म्हणण्यात चूक नाही. पण फॉरवर्डमध्ये जी नावं घेतलीयत, स्टॉर्म, किटी, ती त्या काळातली नाहीतच! ती १९७५ नंतरची. तेव्हा लेन वीन आणि डेव्ह कॉक्रमने नवी टीम उभी केली आणि लगेच लेखन आलं ख्रिस क्लेअरमाँटकडे, ते १९९१ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. एकच माणूस सोळा वर्षं तीच पात्रं लिहितोय, त्यामुळे शंभर अंकांपूर्वी कोण काय म्हणालं होतं हे त्याच्या लक्षात असतं. उदाहरण द्यायचं तर त्या काळातलं द्यायचं आणि दोष काढायचा तर वाचून काढायचा.

आता स्टॉर्म, कारण सगळ्यात जास्त संताप मला या मुद्द्याचा आहे.

स्टॉर्मला हवामान ताब्यात ठेवता येतं, पण त्याची दुसरी बाजू अशी की तिच्या मनात जे चालतं ते आकाशात उमटतं. ती चिडली तर वादळ, खचली तर पाऊस. म्हणून ती स्वतःला सतत आवरून धरते. लोकांना जी शांत, देवीसारखी बाई दिसते ती शांती तिने स्वतःवर लादून घेतलेली आहे, आणि हे गोष्टीत पहिल्यापासून सांगितलंय. त्यात तिला बंद जागेची भयंकर भीती. लहानपणी कैरोमध्ये, १९५६ च्या सुएझच्या लढाईत, घर कोसळून आईवडील गेले आणि ही ढिगाऱ्याखाली आईच्या मृतदेहाशेजारी अडकून पडली होती. हे १९७६ च्या १०२व्या अंकात आहे. शिवाय तिची शपथ आहे की कोणाचा जीव घेणार नाही.

१९८० मध्ये टीमचा प्रमुख सायक्लॉप्स टीम सोडून जातो आणि नेतृत्व हिच्याकडे येतं. आता १९८३ चा १७०वा अंक बघा. न्यूयॉर्कच्या खाली बोगद्यांमध्ये राहणाऱ्या मॉरलॉक लोकांनी पहिल्या पाचांतल्या एंजलला पळवून नेलंय, किटी आजारी पडून मरायला टेकलीय, स्टॉर्म स्वतःही तापाने धड उभी राहू शकत नाहीये. मॉरलॉकांची प्रमुख कॅलिस्टो म्हणते, सुटका हवी तर माझ्याशी सुऱ्याने लढा. स्टॉर्म पुढे येते. जमिनीखाली, ज्या प्रकारच्या जागेला ती आयुष्यभर घाबरली तिथेच, शक्ती न वापरता, ती कॅलिस्टोच्या छातीत सुरा खुपसते. कॅलिस्टो वाचते ती मॉरलॉकांमधल्या एका वैद्यामुळे, स्टॉर्मच्या दयेमुळे नाही. टीममधला नाइटक्रॉलर हादरतो. आणि खरी गोष्ट ही की स्टॉर्मलाही कळतं, आपण आता पूर्वीच्या राहिलो नाही. ती लोकांना सोडवून आणते, पण स्वतःची शपथ मोडून.

केस कापणं यानंतर येतं. यानंतर! टीम आपल्यातल्याच वुल्व्हरिनच्या लग्नासाठी जपानला जाते, तिथे स्टॉर्मला युकिओ भेटते, मरणाची अजिबात पर्वा नसलेली बाई, तिच्याबरोबर फिरताना स्टॉर्म कित्येक वर्षांनी स्वतःला मोकळं सोडते. १७३व्या अंकात ती टीमसमोर येते तेव्हा मधोमध केसांची उभी झालर, बाकी डोकं साफ, अंगात चामड्याचं जाकीट. आता मान्य, ही केशरचना चित्रकार पॉल स्मिथने आधी गंमत म्हणून काढली होती असं सांगितलं जातं. असेल. पण लेखकाने त्या चित्राचं काय केलं ते बघा ना. त्याच पानावर किटी आहे, जी स्टॉर्मला आईच्या जागी मानते. बाकी मोठी माणसं गांगरून बघत राहतात, किटीला ते सहनच होत नाही, ती मोडून पडते आणि रडत निघून जाते. तिला राग केसांचा आलेला नाही, आपल्या ओळखीची बाई गेली हे तिला सगळ्यांच्या आधी कळलंय. एकीच्या बदलाची किंमत दुसरीने मोजलेली त्या एका पानात दिसते. तीन अंक मागे ज्याने सुरा बघितला असेल त्याला ते पान केशरचनेबद्दल आहे असं वाटूच शकत नाही.

आणि "शक्ती काढून रडत बसवली" हे तर धडधडीत खोटं आहे. १९८४ च्या १८५व्या अंकात टीममधल्याच दुसऱ्या मुलीसाठी आणलेलं शस्त्र स्टॉर्मला लागतं आणि तिची शक्ती जाते. पुढच्या अंकात, जो बॅरी विंडसर-स्मिथने काढलाय, ती खचलेली आहे, रडते, हो, रडते. उडणारी बाई जमिनीवर आली तर रडणार नाही का? ज्याच्या घरी ती सावरतेय, ज्याच्यावर तिचं मन बसायला लागलंय, त्या फोर्जनेच ते शस्त्र बनवलं होतं हे तिला कळतं आणि ती उठून चालती होते. पुढे १९८५ मध्ये ती आफ्रिकेत पायी फिरताना दिसते, एका गरोदर मुलीबरोबर चालते, तिचं बाळंतपण करते, श्वास न घेणाऱ्या बाळाला फुंकर घालून जगवते, सगळं शक्ती नसताना. मग २०१वा अंक, १९८६. सायक्लॉप्स परत आलाय, टीमचं नेतृत्व कोणी करायचं यावर दोघांची लढत ठरते. त्याच्या डोळ्यांतून निघणारे किरण शाबूत, हिच्याकडे काहीच नाही. ती त्याला डोक्याने खेळवते, त्याच्या डोळ्यांवरचा, किरण आवरून धरणारा व्हायझर काढून घेते आणि जिंकते. शक्ती परत मिळते ती थेट १९८८ मध्ये. जवळपास साडेतीन वर्षं लेखकाने आपल्या सगळ्यात ताकदवान पात्राला रिकाम्या हाताने ठेवलं आणि त्यातला बराच काळ टीमची नेता ती होती. याला रडत बसणं म्हणणाऱ्याने २०१ वाचलेला नाही, बस.

मॅग्नेटोचा मुद्दा तारखांनीच निकालात निघतो. २००० चा सिनेमा १९४४ मधल्या पोलंडच्या छळछावणीने सुरू होतो, लहान मुलगा, फाटक वाकतं, चांगलाच प्रसंग आहे. पण ही कल्पना कुठून आली? १९८१ च्या १५०व्या अंकातून, म्हणजे एकोणीस वर्षं आधी. त्या अंकात मॅग्नेटो सगळ्या देशांना धमकावतो, हल्ला करणारी रशियन पाणबुडी माणसांसकट बुडवतो, आणि मग त्याची यंत्रणा बिघडवायला आलेल्या किटीवर वार करतो. ती कोसळते. तो जवळ जाऊन बघतो तर ते लहान पोर. त्याला वाटतं ती मेली. तिथेच तो थांबतो, स्टॉर्मसमोर त्याच्या तोंडून ऑशविट्झ येतं, लहानपणी गमावलेली माणसं येतात, आणि ज्या लोकांनी आपलं सगळं हिरावलं त्यांच्यासारखेच आपण झालो हे त्याला उमगतं. क्लेअरमाँट स्वतः तरुणपणी इस्रायलमधल्या एका किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीवस्तीवर, काही काळ राहिलेला होता, छळछावण्यांतून वाचलेली माणसं त्याने जवळून बघितली होती, उगाच चिकटवलेला भूतकाळ नाहीये तो.

आणि तिथे संपत नाही हे जास्त महत्त्वाचं. चार वर्षांनी, २००व्या अंकात, पॅरिसमध्ये त्याच मॅग्नेटोवर खटला चालतो आणि त्यात ती बुडवलेली पाणबुडीही काढली जाते. लेखक विसरलेला नाही, जग विसरलेलं नाही. त्याच अंकात मरणासन्न झेवियर त्याला आपली शाळा सांभाळायला सांगतो आणि तो सांभाळतो. नंतर १९९१ च्या नव्या मालिकेत त्याला परत जुन्या वाटेला लावलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

किटी कायम तेरा वर्षांची? कॅलेंडरने ती हळू वाढते, एवढंच खरं. १९८० मध्ये ती साडेतेराची आहे आणि निळ्या अंगाच्या, शेपटीवाल्या नाइटक्रॉलरला बघून घाबरते, त्याच्यापासून अंग चोरते, त्याला ते कळतं आणि लागतं. १९८२ च्या 'गॉड लव्हज, मॅन किल्स' मध्ये स्ट्रायकर नावाचा धर्मोपदेशक भर सभेत नाइटक्रॉलरकडे बोट दाखवून विचारतो, याला तुम्ही माणूस म्हणता? उत्तर द्यायला उभी राहते ती हीच किटी, आणि ती मित्राची बाजू घेते. समोर बंदूक असताना. दोन वर्षांत अंग चोरण्यापासून इथपर्यंत. मध्ये १४३व्या अंकात नाताळच्या आदल्या रात्री ती घरात एकटी असताना एका राक्षसाला विमानाच्या इंजिनाच्या ज्वाळेत जाळते, आणि नंतर १६८ मध्ये झेवियर तिला लहान मुलांच्या टीममध्ये टाकतो तेव्हा त्याच्याशी भांडून आपली जागा परत मिळवते. वय मोजायचं कसलं यात?

मेलेले परत येतात, हो. यावर मी भांडणार नाही. पहिल्या टीममधली जीन ग्रे १९८० मध्ये १३७व्या अंकात जाते, आणि ते मरण खरं वाटतं कारण तिच्या हातून अब्जावधींचं एक जग नष्ट झालेलं असतं आणि मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला होता की याची शिक्षा झालीच पाहिजे. पाच-सहा वर्षांत तिला परत आणलं, आणि त्यासाठी तिच्या जुन्या प्रियकराला, स्कॉटला, म्हणजे सायक्लॉप्सला, बायको आणि तान्हं मूल सोडून जाताना दाखवलं. वाईट निर्णय होता, त्या पात्राचं नाव त्याने कायमचं खराब झालं. पण वाचक इतके चिडले का? कारण तोवर स्कॉट शोक करून, सावरून, लग्न करून संसाराला लागलेला माणूस झाला होता. जो वाढलाच नव्हता त्याची घसरण कोणाला खुपली असती?

मारामारी आहे, सुपरहिरो कॉमिक आहे ते. आठ वर्षांच्या मुलाला सुऱ्याचा अंक देऊ नका, हे सांगायला फॉरवर्ड लागत नाही. बारा-तेराच्या मुलांना खुशाल द्या, आणि आपणही सोबत वाचा. तपासूनच बघायचं असेल तर १६८ ते १७३ हे सहा अंक सलग घ्या, एका संध्याकाळचं काम आहे, वरचं किटीचं भांडण, सुरा आणि जपान तिन्ही त्यात येतं. मग १५० आणि २०१. फॉरवर्ड करणाऱ्याने एवढं वाचून मग त्याच ग्रुपवर सांगावं, यातलं नेमकं कोण आहे तसंच राहिलं.