नदी फुटांत मोजावी

पंचगंगेसाठी आपणही काहीतरी करावं, असं तुम्हाला मनापासून वाटायला लागलं असेल तर अभिनंदन. पण घाई नको. कोल्हापूर, इचलकरंजी आणि शिरोळ तालुका ही नदी इतकी वर्षं ज्या एकोप्यानं सांभाळत आले आहेत, त्यात नवख्या माणसानं एकदम उत्साह दाखवला तर बसलेली घडी विस्कटते. आधी रीत समजून घ्या, हातमोजे मग घाला.

सगळ्यात आधी मोजमाप. नदी फुटांत मोजावी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलैत पाऊस लागून राहिला की ‘किती फुटावर हाय?’ हाच रामराम. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला, हे सरकारी पत्रकाच्या आधी चहाच्या गाड्यावर कळतं. इतकी जागरूक जनता महाराष्ट्रात दुसरीकडे शोधून सापडणार नाही. आता हाच प्रश्न एप्रिलमध्ये विचारून बघा: आज पाण्यात प्राणवायू किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबानं नदीत आंघोळ करायची तर लिटरमागे किमान ५ मिलीग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, ३ मिलीग्रॅमच्या आत हवा. हे आकडे पाठ करू नका. फुटांना घाबरलेला माणूस म्हैस सोडून वरच्या अंगाला नेतो. मिलीग्रॅमला घाबरलेला माणूस प्रश्न विचारतो.

मग शिका बोट दाखवायला. पाणी खाली जातं, बोट वर जातं, एवढं लक्षात ठेवलं की पंचगंगा खोऱ्याचं निम्मं व्यवस्थापन कळलं. शिरोळनं इचलकरंजीकडे दाखवावं, इचलकरंजीनं कोल्हापूरकडे, कोल्हापूरनं साखर कारखान्यांकडे. कारखान्यांना खास सवलत आहे, त्यांनी शहरांच्या नाल्यांकडे खाली-वर कुठेही दाखवलं तरी चालतं. नदीकाठच्या गावांची गटारं सरळ पात्रात उतरतात, पण गाव म्हणजे आपलीच माणसं, तेव्हा ती ‘अल्प प्रमाणात’ उतरतात. ही साखळी अशीच भोगावतीच्या काठानं वर नेत गेलात तर शेवटी दाजीपूरचं जंगल लागतं. तिथे गवे आहेत. त्यांचा खुलासा अजून यायचा आहे.

बोट दाखवताना एक पथ्य पाळा. उसाकडे दाखवू नका. भरमसाट पाणी आणि युरिया पिऊन शिरोळची जमीन क्षारपड होत गेली आणि त्याच शेतांचा निचरा नदीत येतो, हे खरं असलं तरी उसाकडे दाखवलेलं बोट फिरून आपल्याच सातबाऱ्यावर येऊन टेकतं. सामूहिक कामात असलं काही करून चालत नाही.

पाणी कुठून उचलावं आणि कुठे सोडावं, यात कोल्हापूरनं घालून दिलेला धडा पाठ्यपुस्तकात जावा इतका स्वच्छ आहे. उपसा शिंगणापूर आणि बालिंग्याला. दुधाळी आणि जयंती हे नाले नदीला मिळतात त्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे प्यायचं वरून आणि सोडायचं खालून. सांडपाण्यासाठी काहीच केलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं प्रक्रिया केंद्र उभं आहे. जयंती नाला अडवायचा, पंपानं उचलायचा आणि बावड्याला न्यायचा, अशी योजना. पंप चालू असला की योजना चालू. पंप बिघडला, वीज गेली किंवा वळवाची एक जोरदार सर आली की नाला बंधाऱ्यावरून उडी मारून सरळ नदीत. मग फोटो छापून येतो, पाहणी होते, पंप दुरुस्त होतो आणि पुढच्या फोटोपर्यंत सगळं निवांत.

कुणी विद्वान तुम्हाला सांगेल की शहरानं स्वतःच्या नाल्याच्या खालून पिण्याचं पाणी उचलावं, म्हणजे प्रक्रिया केंद्र आठवड्याभरात सुतासारखं सरळ चालेल. अशा माणसाला समितीत घेऊ नका.

आणि एवढं करूनही नदी हाताबाहेर गेलीच, तर नदी बदला. कोल्हापूरनं बदलली. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन टाकली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत दूधगंगेचं पाणी शहरात आलं. पाणी चांगलं आहे, त्यावर वाद नाही. इचलकरंजीनं आधी मजरेवाडीहून कृष्णा आणली. ती पुरेना, म्हणून दानोळीहून वारणा आणायचं ठरलं, तर वारणाकाठ रस्त्यावर आला. मग सुळकूडहून दूधगंगा आणायचं ठरलं, तर दूधगंगाकाठ उठला. ‘तुमची नदी तुम्ही नासवली, आता आमची मागायला आला होय?’ असं काठावरचा शेतकरी विचारतो, त्याचं चूक नाही. इचलकरंजीच्या गल्लीत तीन-चार दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या बाईचंही चूक नाही. दोघांना एकमेकांसमोर उभं करून देणं, ही मोठी सोय आहे. त्यांचं भांडण चालू असेपर्यंत मधल्या पंचगंगेबद्दल कुणी विचारत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली आणि माणसं गेली. हा विषय बैठकीत काढू नका. त्यावर कुणाला कोटी सुचत नाही आणि तो इतिवृत्तात कुठल्या कलमाखाली घालायचा, तेही कळत नाही.

लोकसहभाग म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर मासे मरतात त्या दिवशी तेरवाडच्या नाहीतर शिरोळच्या बंधाऱ्यावर जा. साखर हंगाम सुरू झाल्यापासून पावसाळा लागेपर्यंत असा दिवस कधीही येतो. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घालून पाणी अडवलेलं असतं. त्यात मळीमिश्रित पाणी, शहरांचं सांडपाणी आणि कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी साचत जातं. ही घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. माशांना लिटरमागे निदान ४ मिलीग्रॅम तरी हवा असतो. अशात वरच्या बंधाऱ्याचे बर्गे निघाले की काळं पाणी एका दमात खालच्या डोहात येतं आणि मासे तोंड वर काढून तरंगायला लागतात.

इथून पुढे कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. बुट्ट्या, पोती आणि जाळी घेऊन पहिली झुंबड उडते. मेलेल्या माशांना कुणी हात लावत नाही, टेकीला आलेले तेवढे उचलतात. ते नंतर कुठल्या बाजारात जातात, हे विचारणं असभ्यपणाचं. दुपारपर्यंत कार्यकर्ते येतात आणि मेलेले मासे पाटीत भरून संबंधित साहेबांच्या टेबलावर नेतात. संध्याकाळी अधिकारी येतात, पंचनामा होतो, नमुना बर्फाच्या पेटीत जातो. बीओडीची तपासणी म्हणजे नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवायचा. शास्त्रच आहे ते, घाई करता येत नाही. नदीनं शास्त्र वाचलेलं नसल्यानं तोवर ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून, राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात पोचायच्या बेतात असतं. इकडे नोटिसा निघतात. ‘आमच्याकडून एक थेंबही बाहेर जात नाही’ असे खुलासे येतात. सगळे खुलासे एकत्र वाचले तर एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, की या नदीत कुणीच काही सोडत नाही. फार झालं तर एखाद्याची बँक हमी जप्त होते, आणि पुढच्या हंगामात तोच बंधारा, तीच बुट्टी. मासे तेवढे नवे.

नदीची मूल्यं हा विषय तुम्हाला नक्की आवडेल, कारण त्यात मोजायचं काही नसतं. बैठकीत मूल्यांवर भरपूर बोला. पाच नद्यांचा संगम आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. पाचांपैकी एक गुप्त असल्याचं आपण अभिमानानं सांगतो, हे पुढच्या काळासाठी आशादायक आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर हजारो दिवे लागतात. दृश्य देखणं असतं, आणि पहाटेच्या अंधारात असल्यानं पाण्याचा रंग फोटोत येत नाही. गणेशोत्सवात तर कोल्हापूरकरांनी खरोखर करून दाखवलं. मूर्तिदान केलं, मोठ्या मूर्ती इराणी खण नावाच्या जुन्या खाणीतल्या पाण्याकडे वळवल्या, नदीत जायचं निर्माल्य काठावर थांबवलं. हे मी उपरोधानं म्हणत नाही. लाखो माणसं ठरवून वागू शकतात, हे त्या दिवशी दिसतं. म्हणून हे काम त्या दिवसापुरतंच ठेवलेलं बरं; वर्षाचे उरलेले दिवस जयंती नाल्याकडे असतात, आणि लोकांनी त्याच्याकडेही अशीच एकजूट वळवली तर अवघड होईल.

हाताला काही काम हवंच असेल तर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढा. हिरवंगार असतं, ओढायला सोपं असतं, मागे नदी दिसते. सांडपाण्यातल्या आणि खतातल्या नत्र-स्फुरदावर ते पोसतं, त्यामुळे ते कधी संपण्याची भीती नाही. काढलेला ढीग काठावरच ठेवा. पाऊस तो पुन्हा आत नेतो आणि पुढच्या वर्षीच्या मोहिमेची तजवीज होते. याशिवाय शासकीय अभियानं आहेतच. २०२२ च्या गांधी जयंतीला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ अभियान निघालं. जाणून घेणं हा प्रकार सर्वात सुरक्षित. जाणणारा माणूस कधी ‘झालं जाणून’ असं म्हणत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित होते आणि त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. जाणायला साहित्य कमी पडणार नाही.

दोन कल्पनांपासून मात्र चार हात लांब राहा. बंधाऱ्यावर जिथे फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत, तिथेच शेजारी एक फळा टांगून रोज सकाळचा प्राणवायूचा आकडा लिहावा, असं एखादा निवृत्त मास्तर सुचवील. मीटर पाण्यात बुडवला की थोड्याच वेळात आकडा मिळतो, तीन दिवस थांबावं लागत नाही. खर्चही फार नाही. हाच तर धोका आहे. कोल्हापूरकराला एकदा आकड्याचा नाद लागला की तो सुटत नाही. मार्चमध्ये चहाच्या गाड्यावर ‘आज दोनवर आलाय’ अशी चर्चा सुरू झाली तर खुलासे कुणाकुणाला द्यायचे? दुसरी कल्पना याहून वाईट. शिरोळच्या लोकांनी कोल्हापूरच्या नाल्याशी नमुना घ्यायचा, कोल्हापूरच्यांनी इचलकरंजीत, इचलकरंजीच्यांनी कारखान्याच्या मोरीशी, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी एकाच वहीत लिहायचं. वही एक झाली की बोट दाखवायला जागा उरत नाही. अशी सूचना आलीच तर ‘तांत्रिक उपसमितीकडे’ पाठवा.

पावसाळ्याची काळजी नसावी. नाल्यांत साठलेलं सगळं पहिल्या पावसात एकदम उतरतं, चार दिवस वास येतो, मग पूर येतो आणि पात्र धुऊन निघतं. नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्यात श्रद्धेनं बुडी मारतात, आणि वर्षातल्या त्या दिवसांत पाणी बरंच बरं असतं. या मोसमात बोटाची दिशा बदलायला विसरू नका. उन्हाळ्यात जे वर होतं ते आता खाली, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाकडे. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकाचा बेत आहे. त्याविरुद्ध निवेदनं द्या, मोर्चे काढा, तो खरोखरच गंभीर प्रश्न आहे. फक्त मोर्चात एखाद्यानं ‘एप्रिलमध्ये आपण त्यांना कसलं पाणी पाठवलं?’ असं विचारलं, तर घोषणांचा आवाज जरा वाढवा.

राहता राहिली आपल्या समन्वय समितीची बैठक. ती जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये ठेवली तर लोक बाटलीत पाणी भरून आणतात. जुलैत नदी ३९ फुटांवर असेल, निम्मे सदस्य पूर नियंत्रण कक्षात असतील, उरलेल्यांचे रस्ते बंद असतील आणि सभागृहात स्थलांतरितांची सोय केलेली असेल. तरीही सूचनापत्र वेळेवर काढा. विषय क्रमांक एक: मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील बैठकही जुलैतच ठेवली होती, त्यामुळे वाचायला फार वेळ लागणार नाही.