परदेशातून : आवाज बारीक करणारी माणसे

ठाण्यात, नौपाड्यातील आमच्या सोसायटीत, दिवाळी पहाटेवरून यंदा वाद पेटला आहे. दरवर्षी आवारात सतरंज्या अंथरून होणारे गायन बंद करावे आणि डीजे बोलवावा, असे समितीतील काहींचे म्हणणे आहे. आजच्या मुलांना विलंबित झेपत नाही, ठेका नसेल तर एकही तरुण पहाटे खाली उतरणार नाही, असे कारण ते देतात. सोसायटीच्या ग्रुपवर हे वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. डीजे राम मारुती रस्त्यावरही लागतो, त्याची सवय ठाणेकरांना आहे. पण संथ लय ही म्हाताऱ्यांसाठीच असते, हे कोणी ठरवले?

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसहून लिहितो आहे आणि माझा आधार इथल्याच एका रॉक बँडचा आहे. ‘लो’ हा बँड १९९३ मध्ये याच राज्यातल्या डुलुथ गावात सुरू झाला. ॲलन स्पारहॉक गिटार वाजवून गात असे आणि त्याची पत्नी मिमी पार्कर उभ्यानेच, मोजक्या ड्रमवर आणि झांजेवर ब्रश फिरवीत, त्याच्या सुरात सूर मिसळत असे. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. सगळीकडे गिटारच्या गोंगाटाची चलती असताना त्यांनी लय इतकी खाली आणली, की दोन आघातांमधली मोकळी जागाही ऐकू यावी. सुरुवातीला क्लबांत लोक त्यांच्याकडे लक्ष न देता गप्पा मारत. अशा वेळी कोणताही रॉक बँड आवाज चढवतो. हे दोघे आणि त्यांचा साथीदार आवाज आणखी बारीक करत. मला या बँडबद्दल जे प्रेम वाटते, त्याचे मूळ या एका कृतीत आहे. समोरचा ऐकू शकतो, यावर एवढा विश्वास मी दुसऱ्या कोणत्याही रॉक बँडमध्ये पाहिलेला नाही.

जून २०१३ मध्ये इथल्या वॉकर आर्ट सेंटर या कलासंग्रहालयाच्या मैदानी कार्यक्रमात मी गर्दीत उभा होतो. त्या दिवशी ‘लो’ने एकच गाणे तब्बल २७ मिनिटे वाजवले. आवाज मोठा होता, गिटारचा सूर घुमत राहिला होता, पण घाई कुठेच नव्हती. काही जण वैतागले, हे खरे आहे. माझ्या शेजारी मात्र कॉलेजातली एक मुलगी डोळे मिटून उभी होती आणि टाच उचलून, फार वेळाने, अलगद खाली टेकवत होती. तिची टाच टेकण्याची वाट मीही पाहू लागलो, आणि एकाएकी माझ्या लक्षात आले, की मी समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, वाट पाहतो आहे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या, झुमरा तालात चौदा मात्रांचे आवर्तन भरत असताना बैठकीतले लोक असेच थांबून राहत असणार.

‘असणार’ असे लिहावे लागते, कारण ठाण्यात असताना मी ते कधी नीट ऐकलेच नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात वडील पहाटे टेपरेकॉर्डर लावत आणि मी अंथरुणातून ओरडत असे, की बाबा, आवाज बारीक करा. ते एका शब्दानेही न बोलता आवाज बारीक करत. मी पुन्हा ओरडलो की आणखी बारीक. शेवटी ते स्टुलावर बसून स्पीकरच्या जाळीला कान लावत आणि बोटाने गुडघ्यावर मात्रा मोजत. टेप त्यांनी कधी बंद केला नाही. मी विशीत होतो आणि मला विलंबित झेपत नव्हते. म्हणजे समितीचे म्हणणे माझ्यापुरते खरेच होते. पण मला ते कोणी समोर बसवून ऐकवलेही नव्हते, आणि ऐकण्याची ताकद माझ्यात होती, हे डुलुथच्या एका जोडप्याने दाखवून दिले. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी मिमी पार्कर कर्करोगाने गेली. त्या शनिवारी मी घरातल्या कोणाशी फारसे बोललो नाही. वडील त्याच्या आधीच गेले होते, आणि त्यांच्यासोबत बसून एक ख्याल पुरता ऐकायचा राहून गेला होता.

ग्रुपवर मी एवढेच लिहिले, की मुलांना आधी विचारा आणि एक तास तरी गायन ठेवा. एकाने उत्तर दिले, तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. मला ते लागले. घराचा मेंटेनन्स मी वेळेवर भरतो, पण त्या पहाटे सतरंजीवर बसायला मी गेली सोळा वर्षे नाही, आणि यंदाही नसेन. ठाण्यात पाच वाजतील तेव्हा इथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असेल. तरी तबलजींच्या मानधनाचे पैसे मी भावाकडे पाठवले आहेत. गायन झालेच, तर फोन तानपुऱ्याशेजारी ठेव, स्पीकरजवळ नको, असेही त्याला सांगून ठेवले आहे.