बेडकांची पाचशेरी किनाऱ्याला

अकरा माणसांना एकाच वेळी भूक लागू शकते, एकाच वेळी राग येऊ शकतो, पण एकाच वेळी चपला सापडत नाहीत. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरीही क्रूझचं बुकिंग करताना मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "जहाजावर काय, सगळे एकाच ठिकाणी असणार. हरवून हरवून माणूस जाणार कुठे?" जहाज जवळजवळ 300 मीटर लांब आहे आणि त्याला प्रवाशांचे चौदा मजले आहेत, हे मी माहितीपत्रकात मोठ्या कौतुकाने वाचलं होतं. त्याचा अर्थ पहिलं बंदर आलं त्या सकाळी कळला.

मंडळी अशी: आई-बाबा, आत्या आणि आतोबा, दादा-वहिनी आणि त्यांचे दोन मुलगे, मी, बायको आणि आमची लेक. केबिन पाच, आणि त्याही तीन वेगवेगळ्या डेकवर, कारण बाबांना लिफ्टजवळची हवी होती, आत्याला लिफ्टचा आवाज न येणारी, वहिनींना बाल्कनीवाली, आणि दादाला वहिनींना हवी ती.

आदल्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "उद्या सकाळी साडेआठ, मधल्या लिफ्टपाशी." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या एकमताने डोलावल्या की मला तिथेच शंका यायला हवी होती. जहाजाला लिफ्टचे तीन घोळके होते: पुढचा, मधला आणि मागचा. मला त्यातला मधला अभिप्रेत होता. बाबांच्या मते मधली लिफ्ट म्हणजे त्यांच्या केबिनजवळच्या चार लिफ्टपैकी मधली. (चारांत मधली कोणती, हा प्रश्न त्यांना पडला नाही.) आत्या मधल्या मजल्यावर, म्हणजे चौदा भागिले दोन, सातव्या डेकवर जाऊन उभी राहिली. आणि डेक कुठला हे मी सांगितलंच नव्हतं, हे वहिनींनी नंतर दिवसभरात चार वेळा लक्षात आणून दिलं.

फोन करायची सोय नव्हती. भर समुद्रात मोबाईल चालू ठेवला तर जहाजाचंच नेटवर्क पकडतो आणि बिल बघून माणूस आपणहून पाण्यात उडी मारतो, म्हणून सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. जहाजाच्या ॲपमध्ये एकमेकांना निरोप पाठवता येतात, पण ते ॲप घेतलं होतं तिघांनीच, आणि ते तिघं एकाच केबिनमध्ये राहत होते.

दादाच्या मुलांची तऱ्हा वेगळी. जमीन दिसल्यावर दोघांनी फोन चालू केले. जहाज आपली स्वतःची वेळ पाळत होतं, बेटाची वेळ एक तास पुढे होती, आणि फोनने बेटाशी इमान राखलं. पोरं आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आली, ती जहाजाच्या साडेसातला. पंधरा मिनिटं थांबली, कोणी दिसेना, तेव्हा "हे लोक कधीच वेळेवर येत नाहीत" असं म्हणून परत जाऊन झोपली. त्यांना उठवायला दादा गेला, दादाला शोधायला वहिनी गेल्या, आणि वहिनींना "राहू द्या हो, येतील ते" हे सांगायला माझी बायको गेली.

मी मात्र जागा सोडली नाही. जहाजावरच्या लिफ्टमध्ये त्या त्या दिवसाच्या वाराचं नाव लिहिलेला गालिचा टाकलेला असतो, सुट्टीवरच्या माणसाला आज कुठला वार हे कळावं म्हणून. एकेका लिफ्टचं दार उघडत होतं आणि प्रत्येक लिफ्ट मला सांगत होती की आज गुरुवार आहे. माणसं मात्र एकीतही आमची नव्हती.

सव्वानऊपर्यंत सगळे दिसायला लागले. मी मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. घशाला कोरड पडली. मी लेकीला म्हणालो, "आजी कुठेय?" आजी माझ्याच खांद्याला धरून उभी होती. आतोबा शांतपणे माझी फजिती बघत होते. त्यांनी वेदान्तातली ती नदी ओलांडणाऱ्या दहा जणांची गोष्ट काढली. मोजणारा स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, आणि सगळे दहाव्यासाठी रडत बसतात. "दशमस्त्वमसि, दहावा तूच," आतोबा म्हणाले. "आपल्याकडे अकरावा." गोष्ट ऐकताना पोरं बुफेकडे सटकली आणि स्वतःला धरूनही माझं उत्तर नऊच आलं.

आता खरी अडचण. या बेटाला मोठं जहाज लागेल असा धक्काच नव्हता. सँटोरिनी, ग्रँड केमन अशा नावाजलेल्या ठिकाणीही हेच असतं: जहाज समुद्रातच थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात, आणि पुष्कळदा त्या जहाजाच्याच लाइफबोटी असतात. टेंडरसाठी नंबराची तिकिटं थिएटरमध्ये मिळतात. सहलीचे पैसे भरलेले आधी, बाकीचे मागून. आणि नियम असा, की एकत्र जायचं असेल तर सगळ्यांनी तिकीट घेताना हजर पाहिजे.

"सगळे आहेत?" तिकीटवाल्या मुलीने विचारलं.

"आहेत," मी म्हणालो.

"कुठे आहेत?"

मी मागे वळून पाहिलं. मागे बाबा होते.

त्या वेळी सातवा नंबर चालू होता. आम्ही अकरा जण एकाच छताखाली जमलो तेव्हा हातात आला तेवीस.

आणि मग थांबायचं होतं. जमलेल्या कुटुंबाला थांबायला लावण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. बेडकांची पाचशेरी कशीबशी तराजूत बसवावी आणि नेमकं तेव्हाच दुकानदाराने "आलोच हं" म्हणून आत जावं, तसं. आईला स्वेटर आठवला. उन्हाचं बेट आहे गं, म्हटलं, तर "बोटीत वारा लागतो." वहिनींना सनस्क्रीन आठवलं. माझ्या लेकीला काही आठवलं नाही, पण सगळे चाललेत म्हणून तीही निघाली. बाबा हलले नाहीत. ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून मला वेळ सांगत होते, जणू ती मीच वाया घालवत होतो.

या पोकळीत आतोबांनी मला समुद्री कायदा समजावला. टायटॅनिक 1912 साली बुडालं, त्यानंतर 1914 मध्ये 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आजही आंतरराष्ट्रीय सफरी करणारी प्रवासी जहाजं त्याच्या सुधारलेल्या रूपाला बांधलेली आहेत. त्यात म्हटलंय, की जहाज सोडण्याचा इशारा झाल्यावर 30 मिनिटांत सगळ्या लाइफबोटी माणसांसकट पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत. मी चाट पडलो. हजारो माणसं, अर्धा तास! आणि आम्ही अकरा जण दोन तासांत आठव्या डेकवरून पाचव्यावर आलो होतो.

"अरे, पण पुढचं ऐक," आतोबा म्हणाले. "ही 30 मिनिटं कधीपासून मोजायची? सगळी माणसं लाइफ जॅकेट घालून जमल्यानंतर."

म्हणजे घड्याळ सुरूच होतं ते सगळे जमल्यावर. करार लिहिणाऱ्यांना नक्की आत्या असणार, वहिनी असणार, दोन तरुण पुतणे असणार.

गंमत म्हणजे निघायच्या आधी झालेल्या सुरक्षा कवायतीला आमचं कुटुंब पहिल्या रांगेत होतं. भोंग्याचे सात आखूड आवाज आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकताच आत्या पर्स, औषधं आणि आतोबा असं सगळं घेऊन चार मिनिटांत हजर. अकराच्या अकरा. तेव्हा मी मोजलेही नव्हते.

साडेअकराला तेवीस नंबर पुकारला. वाहत्या पाण्याला बांध घालावा तसा मी मागे राहून सगळ्यांना पुढे ढकलत खालच्या डेकवर आणलं. तिथे जहाजाच्या कुशीत पाण्याच्या पातळीवर एक दार उघडलेलं असतं. दाराआधी प्रत्येकाचं कार्ड तपासतात, यंत्र 'टिंग' करतं आणि पडद्यावर आपला फोटो येतो. बाबांनी कार्ड लावलं. टिंग. पडद्यावर आई. "ही मी नाही," बाबा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, जणू तिथे शंकेला जागा होती. आईची पर्स उपसण्यात आली. बाबांचं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, आणि ते तिथे बाबांनीच "हरवायला नको" म्हणून ठेवलं होतं.

आणि मग ती पाटी. जहाजावरचं खाण्याचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही. पुष्कळ बंदरांवर हा नियम असतो. फळाबरोबर कीड किंवा रोग जमिनीवर उतरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आत्याच्या पिशवीतून आठ सफरचंदं निघाली.

"इथे ठेवा," कर्मचारी म्हणाला आणि त्याने डबा दाखवला.

"टाकायची?" आत्या म्हणाली. त्या एका शब्दात तिने त्याला, जहाजाला आणि सोलासला असा काही बोल लावला की तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

त्यानंतरचं दृश्य मी विसरू शकत नाही. उघड्या दारातून निळंशार पाणी दिसतंय, पलीकडे बेट दिसतंय, टेंडर दोराला बांधलेलं डुलतंय, आणि आम्ही भिंतीला ओळीने उभे राहून सफरचंदं खातोय. बाबांना दातामुळे फोडी करून हव्या होत्या, पण सुरीची गोष्ट तिथे काढणं शहाणपणाचं नव्हतं. आमच्याकडे बघत बघत तेवीस नंबरचे बाकीचे सगळे चढले. टेंडर सुटलं.

पुढच्या टेंडरला आम्ही सर्वांत आधी होतो. आता फक्त एक पाऊल: जहाजावरून बोटीत. पण बोट लाटेबरोबर खालीवर होते, म्हणून दोन खलाशी दोन्ही बाजूंनी तुमचा हात मनगटाच्या वर घट्ट धरतात आणि बोट बरोबरीला आली की "आता!" म्हणतात. त्या "आता"ला आत्या म्हणाली, "पुढच्या लाटेला येते, बाळा." पुढच्या लाटेलाही तेच. आठ-दहा लाटा तिने अशा शब्दात गुंडाळून परत पाठवल्या. शेवटी आतोबा आधी उतरले आणि आतून ओरडले, "इथे खिडकीजवळ एकच जागा आहे!" आत्या खलाशांना घेऊनच बोटीत आली.

किनाऱ्यावर पाय लागला तेव्हा जहाजाच्या वेळेप्रमाणे एक वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटचं टेंडर साडेतीनला. सगळे अकरा जण एकाच वेळी, एकाच जमिनीवर! मला भरून आलं. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात आईने विचारलं, "इथे बाथरूम कुठेय रे?"

बेटाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. छान असावं. आम्ही धक्क्यापासून सुमारे दोनशे पावलं गेलो. एका झाडाखाली फोटो काढला. फोटोत दहा जण आहेत, कारण काढणारा मी. त्यानंतर बाबा म्हणाले, "परतीची रांग कुठे लागते ते बघून ठेवू." बघून ठेवता ठेवता ते रांगेत उभे राहिले. दोषी खरं तर आतोबा. स्वतःच्या मनाने फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, उशीर झालेली माणसं धक्क्यावरून धावत येतात आणि डेकवरचे लोक त्यांना बघून टाळ्या वाजवतात, हे त्यांनी कालच रंगवून सांगितलं होतं. बाबांना आयुष्यात कशाचीही भीती वाटली नाही, पण टाळ्यांची वाटली. एक वाजून पन्नास मिनिटांनी आमचं सबंध कुटुंब परतीच्या रांगेत होतं, आणि मोजायची गरजच नव्हती. सगळे एकमेकांना टेकून उभे होते.

रात्री जेवताना मी मिटिंग घेतली नाही. साडेआठ म्हणालो नाही, लिफ्टचा उल्लेख केला नाही. कोणी काही विचारलंही नाही. मी लवकर झोपलो.

सकाळी दारावर टकटक झाली. सात आखूड आणि एक लांब. मी उघडलं. बाहेर सगळे उभे. डोक्याला टोप्या, नाकाला सनस्क्रीन, कार्डं गळ्यात. आईच्या अंगात स्वेटर होता. बायको आणि लेक माझ्या आधी कधी उठून त्यांच्यात जाऊन मिळाल्या होत्या, मला पत्ता नव्हता. आत्याने पिशवी उलटी करून रिकामी असल्याचं दाखवलं. घड्याळात आठ वाजून सव्वीस.

"दहा," बाबांनी बोट फिरवत मोजलं. "एक कमी आहे. कालही तुझ्यामुळेच उशीर झाला."

माझ्या मागे टेबलावर दिवसाचं पत्रक पडलं होतं. रात्रीच वाचलं होतं मी ते. आज बंदर नव्हतं. जहाज दिवसभर भर समुद्रात चालणार होतं, उद्या सकाळपर्यंत.

मी काही बोललो नाही. बूट घालायला बसलो.