कोटमसर गुहेच्या सहलीला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार ताई,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आमच्याबरोबर छत्तीसगडमधल्या बस्तरला आलात आणि दोन स्टार दिलेत. तुमच्या तक्रारी अशा: कोटमसर गुहेत लाइट नव्हते, आत जीव घुसमटला, आंधळे मासे दिसले नाहीत, जिप्सीचे पैसे वेगळे पडले, तीरथगढचा धबधबा फोटोतल्यासारखा नव्हता, आणि गुडघेदुखी असलेल्या आईंना गुहेच्या तोंडाशीच बसून राहावं लागलं.

आईंचं आधी, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. बुकिंग घेताना ‘गुहेला पायऱ्या आहेत’ एवढंच सांगितलं गेलं. पायऱ्या म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर देवळाच्या पायऱ्या येतात. इथे कातळातल्या अरुंद फटीतून डोकं वाकवून, अंग तिरकं करून उतरावं लागतं आणि समोरून वर येणारा गट भेटला की बाजूला व्हायला धड जागा नसते. गुहा बरीच खोल आणि लांब आहे, परतीची वाट तीच. गुडघा कुरकुरतो तो उतरताना, दम लागतो तो चढताना. हे आता बुकिंगच्या फोनवरच सांगतो आणि गुडघे, दमा, बंद जागेची भीती यांबद्दल विचारूनच नाव घेतो.

लाइटबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. आंध्र प्रदेशातल्या, दिव्यांनी उजळलेल्या बोर्रा किंवा बेलम गुहा पाहून आलेल्यांना इथला अंधार उणा वाटतो. पण कायमचे दिवे लावले की त्यांच्या उजेडात दगडावर शेवाळ धरतं आणि पांढरे लवणस्तंभ (ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून झालेले खांब) हिरवट पडतात. शिवाय कोटमसरमधले जीव अंधारातच वाढलेले आहेत. म्हणून गाइडच्या हातातल्या दिव्यावर चालायचं. सोबत डोक्याला बांधायची टॉर्च ठेवा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये एक हात अडकतो आणि ओल्या चिखलावर दोन्ही हात मोकळे लागतात. पण आधाराला म्हणून लवणस्तंभ धरू नका. हाताचा तेलकटपणा लागला की तिथे थेंबातला चुना नीट बसत नाही आणि डाग काळा पडत जातो.

घुसमट होते ती दमटपणामुळे. बाहेर थंडी असली तरी आत बाराही महिने उबदार असतं आणि हवा ओलीकच्च, त्यामुळे घाम सुकत नाही. त्यात सुट्टीची गर्दी. प्रत्येकाच्या श्वासानं हवा आणखी जड होते. स्वेटर जिप्सीतच ठेवावा आणि सकाळच्या पहिल्या गटांत आत शिरावं. तुमचा गट अकरानंतर आत गेला, तो आमच्या नाश्त्याच्या वेळापत्रकामुळे. चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली असेल, तीही याच कारणानं: उघड्या जिप्सीच्या वाऱ्यात काच गार होते आणि आतल्या दमट हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. पुसत बसू नका, पाचदहा मिनिटांत काच कोमट झाली की आपोआप निवळते.

मासे बोटाच्या दोन पेरांएवढे, फिकट गुलाबी आणि उथळ डबक्यांच्या तळाशी चिकटलेले असतात. पावलांचा हादरा बसला की दगडाखाली जातात, त्यामुळे वीस जणांच्या घोळक्यात दिसणं कठीणच. (गंमत म्हणजे हा मासा ज्या जातीतला समजतात, त्या मुऱ्या नावाच्या छोट्या माशाचं शास्त्रीय वर्णन १८७२ साली पुण्याच्या नमुन्यांवरून झालं होतं. उजेडातल्या या भाऊबंदांना डोळे असतात.)

जिप्सी टळत नाही. कांगेर व्हॅली राष्ट्रीय उद्यानात खासगी गाडी नाक्यापर्यंतच, पुढचा जंगलरस्ता जिप्सीनं. भाडं गाडीमागे असतं, म्हणून तुम्हा चौघांना ते सहा जणांच्या गटापेक्षा जास्त पडलं. आमच्या कोटेशनमध्ये ‘समाविष्ट नाही’ या ओळीत ते लिहिलं होतं, पण ती ओळ फारच बारीक अक्षरात होती, हे मान्य.

धबधब्याचा फोटो ऑगस्टचा होता. सुमारे ३०० फुटांवरून टप्प्याटप्प्यानं पडणारं तीरथगढचं पाणी भरात असतं पावसाळ्यात, आणि तेव्हा गुहेत पाणी शिरतं म्हणून ती बंद. साधारण नोव्हेंबरमध्ये ती उघडते, तोवर धबधबा उतरणीला लागलेला असतो. दोन्ही ऐन भरात एकाच फेरीत मिळत नाहीत. त्यातल्या त्यात नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि आठवड्याचा मधला वार बरा. निघण्याआधी गुहा उघडल्याची खात्री फोनवर करून घ्यावी. जाहिरातीतल्या प्रत्येक फोटोखाली आता महिना टाकला आहे.

आईंच्या वाट्याचं गुहेचं तिकीट आणि जिप्सीचा हिस्सा परत करतो आहोत. बुकिंग क्रमांक इथे न लिहिता आम्हाला मेसेजवर पाठवा.