लाल दिसला तोच थकबाकीदार?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरी-खजिनदारांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सांगणं असं: मेंटेनन्सच्या एक्सेल शीटला ड्रॉप-डाउन (ठरलेल्या यादीतून निवडायची सोय) लावा, चुकीची नोंद होऊच शकत नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सेलला आपोआप रंग देणारा नियम) लावा, लाल दिसेल तो थकबाकीदार. लाल रकाने मोजले की यादी तयार. आणि एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको.

सोसायट्यांचे हिशेब लिहिणं हा माझा रोजचा धंदा, आणि ही दोन्ही साधनं मी रोज वापरते. फॉरवर्डवर विसंबून बिलं काढायला मात्र कोणाला सांगणार नाही.

आधी ‘चुकीची नोंद होऊच शकत नाही’ बघू. ड्रॉप-डाउन म्हणजे पुढच्या गेटवरचा वॉचमन; जो टाईप करत येतो त्यालाच तो अडवतो. एक्सेलमध्ये दुसरीकडची सेल कॉपी करून वर पेस्ट करा: मजकूर बसतो, आणि तिथला ड्रॉप-डाउनच पुसला जातो. कसली सूचनाही येत नाही. पेस्ट स्पेशलने नुसत्या व्हॅल्यू टाकल्या तर यादी शाबूत राहते, पण आलेला शब्द यादीत आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि सोसायटीच्या शीटमध्ये टाईप करतंय कोण? बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करायचं आणि पेस्ट करायचं, हीच रीत. ड्रॉप-डाउन लावण्याआधीच्या चुकाही जागच्या जागी राहतात. त्या शोधायला डेटा व्हॅलिडेशनच्या मेनूत ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ आहे, तो यादीबाहेरच्या नोंदींभोवती लाल वर्तुळं काढतो. शिवाय एरर अलर्ट, म्हणजे यादीबाहेरचं टाईप केलं की येणारी सूचना, ‘स्टॉप’वर हवा. ‘वॉर्निंग’ आणि ‘इन्फर्मेशन’ नुसतं बोलतात, पुढे जायची वाट मोकळीच ठेवतात.

हे सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट उरतेच. विंग निवडली की पुढच्या रकान्यात त्याच विंगचे फ्लॅट दिसतील, अशी जोड-यादी बऱ्याच जणांनी बसवलेली असते. ए विंग, फ्लॅट ए-३०४ निवडलं. मग लक्षात आलं, पैसे बी विंगचे आहेत. विंग बदलून बी केली. फ्लॅटच्या रकान्यात ए-३०४ तसाच बसून राहतो. एक्सेल तो स्वतःहून कोरा करत नाही. किंवा भाड्याने दिलेल्या फ्लॅटपुढे ‘स्वतः राहतात’ निवडलं गेलं. शब्द यादीतलाच, त्यामुळे तक्रार नाही, पण त्या सभासदाच्या बिलातून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलची आकारणी, गळतात. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतची ती रक्कम आहे, दर महिन्याची.

ड्रॉप-डाउनचा खरा फायदा वेगळाच आहे. कोणी ‘थकीत’ लिहितो, कोणी ‘थकित’, कोणी पुढे एक स्पेस सोडतो, आणि काउंटइफला, म्हणजे अटीत बसणाऱ्या सेल मोजणाऱ्या सूत्राला, ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. हा घोळ ड्रॉप-डाउनने थांबतो. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही!

आता लाल रंग. ‘देय तारीख आजच्या आधीची असेल तर लाल’ एवढाच नियम लिहिला, तर कोऱ्या सेलही लाल होतात, कारण रिकाम्या सेलची किंमत तुलनेत शून्य धरली जाते. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी चूक जास्त महागात पडते. कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन असेल, तर २५/०६/२०२५ ही एक्सेलच्या लेखी तारीखच नाही. पंचविसावा महिना कुठून आणणार? ती मजकूर म्हणून पडून राहते, आणि एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं. म्हणजे ती ‘आजच्या आधीची’ कधीच होत नाही. सहा महिने पैसे न दिलेला सभासद पांढराशुभ्र! याच सेटिंगमध्ये ०५/०६/२०२५ म्हणजे ५ जूनची ६ मे होते. व्याज दिवसांवर काढत असाल, तर १०,००० रुपयांवर, वर्षाला २१ टक्के सरळव्याजाने, ३० दिवसांचे सुमारे १७३ रुपये त्या सभासदाला उगाच लागतात. मग कमिटीच्या मीटिंगला तो काय बोलेल ते सांगायला नको. तारखेशेजारी इजनंबरचा (सेलमध्ये आकडा आहे का ते सांगणाऱ्या सूत्राचा) एक रकाना टाका. जिथे फॉल्स येईल ती तारीख मजकूर आहे. उलटलेली तारीख मात्र ह्यात सापडत नाही, त्यासाठी सेटिंगच तपासायला हवी.

रंग मोजण्याबद्दल फार बोलायला नको. रंगावर फिल्टर लागतो, पण काउंटइफला रंग दिसत नाही. ज्या अटीने सेल लाल झाली तीच अट काउंटइफ्सला द्या. आणि ‘थकीत’ हा शब्दही एका रकान्यात येऊ द्या. कमिटीसमोर काळी-पांढरी झेरॉक्स जाते, तिच्यात लाल-हिरवं सगळं राखाडी.

‘पुन्हा बघायला नको’ हे तर उलटंच आहे. यादीची रेंज ठरावीक असेल, तर तळाला लिहिलेला नवा पर्याय ड्रॉप-डाउनमध्ये येत नाही. मूळ यादीला टेबल करून ठेवलं तर येतो. यादीतला शब्द सुधारला, तरी आधी निवडलेल्या सेल जुनाच शब्द धरून राहतात. रोजच्या कॉपी-पेस्टने रंगाच्या एकाच नियमाचे तुकडे होतात, आणि दोन नियम भिडले की वरचा जिंकतो. महिन्याची बिलं काढण्याआधी ‘मॅनेज रूल्स’ उघडा, वर ‘धिस वर्कशीट’ निवडा, तुकडे उडवा आणि एकच नियम पूर्ण रकान्याला लावा.