ओतीव बिल्ला नकलीच असतो का? प्रतिक्रियेला उत्तर

लष्करी टोपीवरच्या जुन्या बिल्ल्यांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचा आक्षेप असा: ‘ओतीव (साच्यात धातू ओतून केलेला) बिल्ला म्हणजे नकली’ हा विलायती नियम मी इथल्या पलटणींना सरसकट लावला. तुमचा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगुलाचा बिल्ला ओतीवच आहे, त्यावर ११० आकडा आहे, आणि विकणाऱ्याने तो दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेतला म्हणून दिलाय.

पहिली गोष्ट मान्य, वाक्य माझंच ढिसाळ होतं. ठशाने छापलेला बिल्ला ही ब्रिटिश कारखान्यांची रीत. इथल्या पितळकाम करणाऱ्यांनी ओतलेले बिल्लेही शिपायांनी वापरले. तेव्हा बिल्ल्याच्या पाठीवरचे बारीक खड्डे किंवा कानशीचे ओरखडे दिसले की लगेच नाक मुरडू नये.

पण इटली? ११० वी पलटण १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण झाली. १९४४ च्या इटलीतल्या पराक्रमासाठी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. वंशावळ बरोबर, पण ११० हा आकडा जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती. आकडा खरा धरला तर बिल्ला १९०३ ते १९२२ मधला ठरतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात इराकमध्ये पडलेल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्याच्या काळातला.

त्यातही बिल्ल्यावरचा मुकुट आडवा येतो. त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. १९०१ नंतरचा राजाचा मुकुट वरून घुमटासारखा गोल असतो. दबलेल्या कमानींचा मुकुट एलिझाबेथ राणीबरोबर १९५२ नंतर आला, आणि आपण तर १९५० लाच प्रजासत्ताक झालो. व्हिक्टोरियाच्या काळात तसा मुकुट सापडतो, पण तेव्हा ही पलटण मुंबई पायदळाची १० वी होती. त्यात शंभर मिळवले ते १९०३ मध्ये. कुठूनही बसत नाही.

पुढच्या खरेदीआधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची मोजपट्टी) जवळ ठेवा. अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून पितळ ओतलं की ते थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. ४० मिलिमीटरचा बिल्ला ०.६ मिलिमीटरने लहान भरतो. अर्थात ताडून पाहायला खात्रीचा नमुना हवा. झीजही बघा. रोज पॉलिश केलेल्या बिल्ल्याचे उंचवटे, म्हणजे बिगुलाच्या तोंडाची कड, गुळगुळीत होतात आणि खाचा धारदार राहतात. नकलेत दोन्ही सारखेच बोथट. बिल्ला टोपीला अडकवायच्या पाठीच्या कड्या आतून पिनेने घासलेल्या असाव्यात.

आणि तो चिंचेने लख्ख केलात, ते पुन्हा नको. देवाच्या उपकरणीला ठीक आहे. पण आम्लाने पितळातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर तांबं उरतं, मग जुनी झीज कोणती आणि तुमची कोणती हे कळत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश पुरे.

तिरप्या उजेडात पाठीचा एक फोटो टाका, कड्यांचा डाख जुना की नवा तेवढं तरी सांगता येईल.